उलट्या खाचेचा चाकू

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. इतकी, की तेव्हाचे डोंगर आजच्यापेक्षा बोटभर उंच होते आणि नद्यांना अजून नावं पडायची होती. लहानांनी जवळ सरकून ऐकावी आणि मोठ्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकावी, अशी ही गोष्ट आहे.

एका राज्यात चाकू करणाऱ्यांचं एक गाव होतं. तिथले चाकू घडीचे असत. मिटलं की पातं शिंगाच्या मुठीत शिरायचं आणि माणूस चाकू कमरेला खोचून कामाला निघायचा. उसाची कांडी करायला, आंब्याची फोड काढायला, पायातला काटा काढायला लोकांना याच गावचा चाकू लागायचा.

गावात प्रत्येक लोहार घराण्याचा एक ठसा होता. कुणाचा मासा, कुणाचा विंचू, कुणाचं चिंचेचं पान. चाकू तयार झाला की पात्याच्या मुळाशी तो ठोकायचा. ठशाशिवाय चाकू विकायला बंदी होती. एखाद्या घरातला कारागीर गेला आणि मागे भट्टी पेटवणारं कुणी नसलं, तर त्याचा ठसा राणीच्या पेटीत जमा व्हायचा. पुढे घरातल्या कुणाला तो परत हवा असला, तर जत्रेच्या दिवशी राणीसमोर यायचं आणि घराण्याचा जुना चाकू दाखवायचा. जुना चाकू आणा, ठसा न्या, असा साधा कायदा होता.

त्या पेटीत एक ठसा वीस वर्षं पडून होता. जोंधळ्याचे तीन दाणे, असा तो ठसा. तीन दाण्यांच्या चाकूची लोक अजून आठवण काढायचे. "तसा चाकू पुन्हा झाला नाही," असं म्हणायचे आणि उसासा टाकायचे.

तो ठसा ज्याचा, त्या म्हाताऱ्या लोहाराची एक नात होती. ती पाळण्यात असतानाच आजोबा गेले. तिला आत्यानं वाढवलं. दुसऱ्यांच्या भट्टीवर भाता ओढता ओढता ती पोलाद तापवायला शिकली, तापल्या पात्याला पाणी देऊन ते कडक करायला शिकली, आणि वयात येईपर्यंत असे चाकू करायला लागली, की जुने लोहारही हातात घेऊन बघत बसायचे. पण विकणार कसे? ठसा कुठे होता?

आणि त्याच वर्षी गावातल्या मोठ्या लोहारानं तीन दाण्यांवर हक्क सांगितला. त्याच्या बारा भट्ट्या होत्या आणि त्याचा स्वतःचा ठसा विंचवाचा होता.

"तीन दाणे मूळचे माझ्या आजोबांचे," तो चावडीवर म्हणाला. "हिचा आजोबा आमच्याकडे घण मारायला होता. पोरीला काम हवं असेल तर माझ्याकडे यावं. खिळे करायला माणूस कमीच आहे."

मुलीनं हे ऐकलं. ठसा गेला तर आयुष्यभर खिळे. तिच्या घरात आजोबांचा एकच चाकू उरला होता. पातं झिजून कडुलिंबाच्या पानाएवढं झालेलं, मूठ काळी पडलेली. पात्याच्या मुळाशी उन्हात तिरपं धरून पाहिलं तर तीन बारीक ठिपके दिसायचे. तेवढाच काय तो तिचा आधार.

जत्रेच्या दिवशी सकाळी आत्यानं तो चाकू पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अगं, हे काळं ध्यान राणीसरकारांपुढे नेणार तू? आपल्या गावात राणीकडे जाताना माणूस बैलाची शिंगंसुद्धा घासून नेतो!"

ते खरंच होतं. त्या गावची रीतच तशी होती. मुलीलाही ते पटलं. तिनं चिंच घेतली, राख घेतली, वर विटेची पूड घेतली आणि मोठ्या मायेनं चाकू घासायला बसली. घासता घासता तिला गाणं सुचलं. गाणं संपेपर्यंत पातं असं लखलखलं, की त्यात तिला स्वतःचे डोळे दिसले.

फक्त तीन ठिपके दिसले नाहीत.

तिनं पातं तिरपं धरलं, सरळ धरलं, उन्हात नेलं. मुळाशी गुळगुळीत पोलाद होतं. आजोबांचे तीन दाणे विटेच्या पुडीबरोबर वाहून गेले होते.

आत्या घाबरली. मग हळूच म्हणाली, "एवढं काय! टोच्यानं तीन ठिपके मार. तुझ्या हाताला काय अवघड आहे? कोण बघतंय?"

मुलीनं गुळगुळीत पात्याकडे पाहिलं. टोच्या हाताशीच होता.

"मी बघतेय ना आत्या," ती शेवटी म्हणाली, आणि तसाच चाकू फडक्यात गुंडाळून जत्रेला निघाली. आत्या स्वतःला शिव्या देत तिच्या मागून निघाली.

जत्रेत राणी वडाखाली बसली होती. तिच्या शेजारी चाकूंचा पारखी बसला होता. बुटका, टकलू, तपकिरीचा भारी शौकीन. चाळीस वर्षं त्यानं गावोगाव फिरून चाकूंना धार लावली होती. चाकू हातात घेतला की तो कुणी केला, केव्हा केला आणि कशासाठी वापरला, हे तो सांगायचा.

मोठ्या लोहारानं आधी आपला चाकू पुढे केला. चाकू काळाकुट्ट होता आणि पात्यावर तीन दाणे असे ठसठशीत, की दुरूनही मोजता यावेत. लोक "वा!" म्हणाले.

"किती वर्षांचा?" पारख्यानं विचारलं.

"साठ. आजोबांच्या हातचा."

"वापरात होता?"

"रोज! ऊस म्हणू नका, सुपारी म्हणू नका."

"आणि साठ वर्षांत एकदाही धार लावली नाही?"

"लावली की. दर महिन्याला."

"मग पातं कसं झिजलं नाही रे बाबा? काल केल्यासारखं रुंद आहे."

मोठा लोहार जरा अडखळला. "आमच्या घराण्याचं पोलादच तसं. झिजतच नाही."

"अस्सं." पारख्यानं चाकू उघडला आणि मुठीच्या फटीत डोकावून पाहिलं. "माणसाचे केस आधी पिकतात, मन मागून पिकतं. चाकूचं उलटं असतं. चाकू आधी आतून म्हातारा होतो. आत आंब्याचा चीक साचतो, सुपारीचा भुगा बसतो, खिशातला धागा अडकतो. तुझा चाकू बाहेरून आजोबा आणि आतून नवरदेव आहे."

लोक हसायला लागले. पारख्यानं चाकू नाकाशी नेला आणि त्याला अशी जोराची शिंक आली, की राणीचं पानाचं तबक हललं.

"तपकिरीनंसुद्धा मला शिंक येत नाही हल्ली," तो नाक पुसत म्हणाला. "हा बकरीच्या लेंड्यांचा वास. नवं पोलाद लेंड्यांत पुरलं की काळं पडतं, हे मलाही ठाऊक आहे. दोन महिने पुरला होतास ना?"

"छे छे! तीनच आठवडे!" मोठा लोहार म्हणाला. आणि मग त्यानं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

असा हशा पिकला, की वडावरचे पोपट उडाले. राणीसुद्धा पदराआड हसली. पण थोड्या वेळानं ती गंभीर झाली.

"याचा चाकू खोटा ठरला. पण म्हणून ठसा आपोआप मुलीचा होत नाही. मुली, तुझा चाकू दाखव."

मुलीनं फडकं सोडलं. लखलखीत पातं पाहून कुणीच "वा" म्हणालं नाही. ठसा नव्हता.

"सरकार, ठसा होता," मुलगी म्हणाली. "आज सकाळी मीच तो घासून घालवला. चूक माझी आहे."

"तिची नाही हो, माझी!" गर्दीतून आत्या ओरडली. "मीच म्हटलं घास म्हणून! मला काय ते बोला!"

"पुरावा दोघींनी मिळून घालवला तर!" मोठा लोहार म्हणाला. त्याला पुन्हा धीर आला होता. "बिनठशाचा चाकू कुणाचाही असेल. कायदा म्हणजे कायदा, सरकार."

पारखी चाकू तळहातावर घेऊन बसला. मुठीच्या फटीत त्यानं काडी फिरवली, तर आतून सत्तर वर्षांचा मळ निघाला. तिथवर चिंच पोचली नव्हती. "जुना आहे," तो पुटपुटला. "पण कुणाचा?"

मग तो चाकू मिटून पुन्हा उघडायला गेला. आपण सगळे चाकू डाव्या हातात धरतो, उजव्या अंगठ्याचं नख पात्यावरच्या खाचेत घालतो आणि ओढतो. पारख्यानंही तेच केलं. नख घसरलं. पुन्हा केलं. पुन्हा घसरलं.

"खाच कुठे गेली?" त्यानं चाकू उलटवला. खाच पलीकडच्या बाजूला होती.

मुलगी लाजून लाल झाली. "ती आजोबांची चूक असेल. म्हणून मी कुणाला दाखवत नव्हते."

पारख्यानं चाकू उजव्या हातात घेतला आणि डाव्या अंगठ्यानं उघडला. टक्क! पातं लोण्यातून आल्यासारखं बाहेर आलं.

"चूक नाही ही, पोरी. हा चाकू करणारा डावरा होता. स्वतःच्या हाताला जे सोपं, तेच त्यानं केलं."

"अगं बाई! माझा बाप डावराच होता!" आत्या पुन्हा ओरडली. "जेवताना डावा हात ताटाकडे गेला, की आजी पळीनं मारायची!"

"डावरे काय, शेकड्यानं असतात," मोठा लोहार कुरकुरला.

एवढ्यात पेरू विकणारी एक बाई पाटी खाली ठेवून पुढे आली. "थांबा थांबा. माझाही चाकू उलटाच उघडतो. माझी सासू म्हणायची, चाकू हट्टी आहे, त्याच्या कलानं घे." तिनं कमरेचा चाकू काढला. पातं झिजून दोरीएवढं झालं होतं, ठसा केव्हाच गेला होता, पण खाच उलटी होती.

"माझाही तसाच की!" बुरूड म्हणाला.

"आणि माझा! मला वाटायचं, माझाच अंगठा वेडा आहे!" मेंढपाळ म्हणाला.

मग काय विचारता! ज्यानं त्यानं खिशात हात घातला. टक्क, टक्क, टक्क! वडाखाली चाकू उघडायला लागले. वीस, तीस, पन्नास. सगळे झिजलेले, सगळे बिनठशाचे, सगळे उलट्या खाचेचे. लोक वर्षानुवर्षं उसासे टाकत होते, की तीन दाण्यांचा चाकू आता पाहायला मिळत नाही. आणि तो त्यांच्या कमरेलाच होता. कामानं ठसा झिजला होता, म्हणून ओळख लागली नव्हती.

"पण ठसा एकावरही नाही!" मोठा लोहार ओरडला. "हे तीन दाण्यांचेच, कशावरून?"

राणीनं पारख्याकडे पाहिलं. पारख्यानं डोकं खाजवलं. मोठा लोहार बोलला ते खोटं नव्हतं. मुलीनं डोळे मिटून घेतले.

तेव्हा गर्दीतून एक बाई आपल्या नवऱ्याला दंडाला धरून ओढत पुढे आली. हा नवरा म्हणजे पंचक्रोशीतला सगळ्यात आळशी माणूस. जत्रेतही तो उभ्या उभ्या झोपला होता.

"दाखवा हो तुमचा चाकू!" बायको म्हणाली. "सरकार, लग्नात माझ्या वडिलांनी याच मुलीच्या आजोबांकडून करून घेतला होता, मी स्वतः आणायला गेले होते. चाळीस वर्षं झाली, या माणसानं त्या चाकूनं एक काकडी चिरली नाही!"

"वेळच मिळाला नाही," नवरा जांभई देत म्हणाला आणि त्यानं चाकू पुढे केला.

पारख्यानं चाकू घेतला. मूठ आतून स्वच्छ होती, आणि बाहेरूनही. त्यात लबाडी नव्हती, नुसता आळस होता. त्यानं डाव्या अंगठ्यानं पातं उघडलं. खाच उलटी होती. आणि मुळाशी, काल ठोकल्यासारखे, जोंधळ्याचे तीन दाणे होते.

त्यानं मोठ्या लोहाराचा चाकू शेजारी ठेवला. त्याची खाच सुलटी होती.

राणी उठली. तिनं पेटीतला ठसा काढून मुलीच्या ओंजळीत ठेवला. आत्यानं तिथेच फुगडी धरली, तीही पेरूवालीबरोबर. आळशी माणसाला काय बक्षीस हवं ते विचारलं, तेव्हा त्यानं बसायला घोंगडी मागितली. मोठ्या लोहाराला राणीनं तीन आठवडे बकऱ्यांचा गोठा झाडायला लावला. पुढे कितीतरी वर्षं लोक त्याचा चाकू घेताना आधी वास घ्यायचे.

मुलीची भट्टी पेटली. तिच्या दारात गिऱ्हाइकांची रांग लागली. एकदा एका माणसानं नवा चाकू न्याहाळून विचारलं, "बाई, ठसा इतका हलका का मारता? थोड्या दिवसांत झिजून जाईल."

"जाऊ दे की," ती हसून म्हणाली. "तो झिजला, की मला कळेल चाकू रोज हातात असतो. पात्यात काही खोट निघाली तर मात्र लगेच परत आणा."

मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, यातलं घ्यायचं ते इतकंच: वस्तूवर कोरलेलं नाव झिजून जातं, पण मन लावून केलेलं काम ते करणाऱ्याची ओळख कधी पुसू देत नाही.