सैल मळलेला गोळा

फार पूर्वी सोमावती नगरीत राजा विजितसेन राज्य करीत असता बोधिसत्त्व तेथील तळ्याकाठी एका मासेमार कुळात जन्मले होते. वयोमानाने गळ टाकणे जमेनासे झाले, तेव्हा ते आपला मुलगा तिष्य याच्यासाठी आमिष मळून देऊ लागले.

त्या कुळाची रीत अशी होती. सहा दिवस एकाच जागी गळाविना चारा टाकायचा. भाजलेला कोंडा, तिळाची पेंड आणि किंचित गूळ यांचा तो गोळा सैल मळलेला असे. पाण्यात पडताच तो विरघळे आणि मासे निर्धास्त होत. सातव्या दिवशी त्यातच कणीक घालून गोळा चिवट करायचा व गळाला लावायचा.

त्या वर्षी राजाच्या पाकशाळेच्या अधिकाऱ्याने तिष्याला सांगितले, "सातव्या दिवशी मोठा रोहू आणलास, तर राजाच्या तळ्याची राखण तुझी आणि नवी होडीही तुझी. नाहीतर दुसरा पाहीन." तिष्याची होडी कुजली होती. हे काम त्याला हवेच होते.

बोधिसत्त्व रोज गुडघाभर पाण्यात उभे राहून चारा घालीत. अंड्यांनी जड झालेली एक रोहू मासोळी आधी दूर राही, मग जवळ येऊ लागली. सहाव्या दिवशी तिने त्यांच्या तळहातावरूनच घास उचलला.

सातव्या दिवशी तिष्याचा गळ तीनदा रिकामा वर आला.

"आबा, हा गोळा आहे की पेज?" तो चिडून म्हणाला. "तुमच्या सुनेने मळला असता तर टिकला असता!"

"तिच्या भाकऱ्या टिकाऊ असतात खऱ्या," बोधिसत्त्व हसले. मग शांतपणे म्हणाले, "माझे हात थकले नाहीत, बाळा. मी जाणूनच सैल मळला. ज्या हातातून ती खाते, त्या हाताने मला गळ झाकवत नाही."

"आणि माझी होडी?"

"ती मी बुडवली, हे खरे. कणीक तिथे आहे. तुला मळायचे तर मळ. मी अडवणार नाही."

तिष्याने गोळा चिवट मळला, गळाला लावला आणि पाण्यात उतरला. तो टाकणार, तोच मासोळी त्याच्या बोटांशी आली आणि तोंड उघडून थांबली. या हाताचेही तिला भय वाटले नाही.

तिष्याने झटकन मूठ मिटली. गळ त्याच्याच तळव्यात रुतला.

"रोहू कुठे आहे?" रोहू न्यायला काठावर आलेल्या अधिकाऱ्याने विचारले.

"तळ्यात आहे," तिष्य म्हणाला.

राखण दुसऱ्याला मिळाली. बोधिसत्त्वांनी मुलाचा तळवा धुऊन त्यात हळद भरली.

ही कथा सांगून भिक्षुसंघाचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तो अधिकारी म्हणजे आजचा कोठारी सुनक्क. ती मासोळी म्हणजे तुम्हाला नित्य भिक्षा घालणारी उपासिका सोणा. तिष्य म्हणजे मागे बसलेला हा भिक्षू उत्तिय, आणि आमिष मळणारा वृद्ध मीच होतो. जो निर्भय होऊन जवळ येतो त्याचा घात न करणे, हीच त्या जन्मीची माझी मैत्रीची परिपूर्णता, मैत्रीपारमिता."