दोऱ्याने बांधलेले रतांबे

आमच्या वस्तीत माझ्याइतक्या जातककथा कोणालाच येत नाहीत. म्हणजे मला एकच येते, आणि तीही मधूनमधून विसरते. शाळा चौथीत सुटली. वर्षावासात भंतेजी विहारात वाचन करतात तेव्हा मी मागे बसून पेंगणाऱ्यांच्या चपलांची अदलाबदल करत असतो. तरी ही एक कथा शेजारच्या वच्छलाबाईंसाठी लिहून काढली आहे. त्यांच्या गच्चीवर प्लास्टिकच्या ड्रमांमध्ये काय काय आहे: जाम, कमरख, ड्रॅगन फ्रूट. फालसाही होता. गेल्या उन्हाळ्यात कोणी सांगितलं म्हणून त्यांनी त्याला आठवडाभर खारं ताक घातलं आणि तो वाळला. तेव्हापासून त्या म्हणतात की आपल्या हातालाच गुण नाही.

फार पूर्वी घाटावरच्या तगर नगरात सोमदत्त राजाचं राज्य होतं. राजाला या गोष्टीत काही काम नाही, पण राजाशिवाय जातक सुरू होत नाही, म्हणून घेतला. त्या वेळी बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्मला होता. तो मडकी घडवी, खरं बोले आणि कमी बोले. त्याची बायको विमला समुद्रकाठची. सासरी येताना तिने ओल्या फडक्यात गुंडाळून रतांब्याच्या बिया आणल्या होत्या. रतांबा म्हणजे कोकमाचं लाल फळ. त्याच्या सालीचं आंबट सार तिच्या माहेरी रोज होई. तगरात ते फळ कोणी पाहिलंही नव्हतं.

दोन बिया रुजल्या. बोधिसत्त्वाने दोन फुटके रांजण सावलीला ठेवून त्यांत ती रोपं लावली. पुढे मुळं रांजणांच्या फुटक्या बुडातून जमिनीत गेली आणि झाडं अंगणाची झाली. या झाडांत नर आणि मादी वेगळी असतात. फळ मादीला धरतं, नराला नुसती फुलं येतात. आणि फुलण्याआधी कोणतं कोणतं ते झाडालाही माहीत नसतं, असं विमला म्हणे.

शेजारी लोलक राहत असे. त्याचा तेलाचा घाणा होता, आणि बैल घाण्याभोवती फिरे तेवढ्या वेळा लोलकाची जीभ फिरे. तो भिंतीवरून विचारी, "वहिनी, दोन्ही नर निघाले तर सोयरीक कुठे जुळवायची?" विमला त्याच्यावर पाणी उडवी आणि हसे. तिलाही त्याची थट्टा आवडे, हे इथे लिहून ठेवतो.

आठवं वर्ष आलं आणि पाऊस आला नाही. त्या नगराची एक रीत होती. विहीर तळाला गेली की एका अंगणात एकच झाड जगवायचं. दुसऱ्याला घातलेलं पाणी हे शेजाऱ्याच्या घशातलं पाणी. गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी पौर्णिमेपर्यंत मुदत दिली. कोणतं ठेवायचं? भट्टीच्या धुराने विमलाचे डोळे अधू झाले होते, पानांच्या बेचक्यातली बारीक फुलं तिला दिसेनात. बोधिसत्त्व म्हणाला की शेवटच्या दिवशी मी स्वतः पानन् पान बघतो. आणि तो लांबच्या तळ्यावर माती आणायला गेला.

त्याच सुमारास समुद्राकडून बैलांचा तांडा आला. लोलकाने तांडेवाल्याकडून चार पिकलेले रतांबे मागून घेतले. दुपारी विमला भट्टी लिंपत असताना तो भिंतीवर चढला आणि हाताला आलं त्या झाडाच्या फांदीला चारही रतांबे दोऱ्याने बांधून गाठी पानांआड लपवल्या. मनातला बेत इतकाच, की ती नाचेल, गल्ली जमेल, मग दोरा दाखवायचा आणि सगळ्यांनी हसायचं. पण त्याच संध्याकाळी करडई आणायला त्याला शेजारगावी जावं लागलं. दोन दिवसांत येतो, तोवर गंमत आणखी पिकेल, असं त्याला वाटलं.

तो परतला तो पौर्णिमेच्या दिवशी. भट्टीजवळ फांद्यांचा ढीग पडला होता. विमलाला रतांबे सापडले होते. तिने गल्ली गोळा केली होती, आणि मुदत संपतच आली म्हणून वडीलधाऱ्यांनी फळं नसलेलं झाड तोडून टाकलं होतं. लोलकाने ढिगातली एक फांदी उचलली. पानांच्या आड मिऱ्याएवढी हिरवी फळं धरली होती. मग तो घरात जाऊन बसला.

संध्याकाळी बोधिसत्त्व आला. विमलाने त्याला फांदीपाशी नेलं आणि म्हणाली, "सगळे एकाच डहाळीला लागले हो, असं कसं?"

बोधिसत्त्वाने रतांबे उतरवले. दोरा तेलकट होता, आणि त्या गल्लीत तेलकट दोरा एकाच घरात असे. तोडलेल्या फांद्याही त्याने पाहिल्या. दोरा हातात घेऊन वडीलधाऱ्यांकडे गेला असता तर लोलकाचं त्या वर्षीचं पाणीच बंद झालं असतं. त्याने दोरा भट्टीत टाकला. तो भर्रकन पेटला.

"हे आपल्या झाडाचे नाहीत," तो म्हणाला. "पण तुझ्याच किनाऱ्याचे आहेत. सार कर."

विमला समजली. कोणी, ते तिने विचारलं नाही. तिने सार केलं, आणि बोधिसत्त्व एक वाटी घेऊन लोलकाच्या दारी गेला. लोलक काही बोलू लागला तेव्हा तो म्हणाला, "आधी पी. निवेल."

लोलक प्यायला, आणि बोलायचं ते सारासोबत खाली गेलं. मग त्याने विचारलं, मी आता काय करू. बोधिसत्त्व म्हणाला, "जे उरलंय त्याला पाणी घाल."

लोलक आपल्या वाटणीचं अर्धं पाणी त्या नराला घालू लागला. त्या चार रतांब्यांच्या बियांतून एक रोप आलं, त्यालाही घालू लागला. नर दरवर्षी फुलायचा, आणि फुलं गळून अंगण भरायचं. विमला सहाव्या वर्षी गेली. रोपाला आठव्या वर्षी फळ धरलं. पहिला रतांबा तोडून लोलक अंगणात उभा राहिला. तो ज्या हातावर ठेवायचा तो हात आता नव्हता. तो तसाच उभा राहिला, आणि बोधिसत्त्वाने त्याला घरी जा म्हटलं नाही.

तेव्हाचा तो कुंभार म्हणजे आपले शास्ते, भगवान बुद्ध. विमला म्हणजे आमच्या वच्छलाबाई. एवढ्या वस्तीत ड्रमांशी बोलणारी दुसरी बाई नाही. आणि लोलक? खोडकर माणूस निघाला की तो बुद्धांशी वैर धरणाऱ्या देवदत्ताच्या नावावर टाकायची पद्धत आहे. पण दर वेळी त्या बिचाऱ्यालाच का? तो मी होतो. या कथेतली पारमिता क्षांती, म्हणजे दोरा हातात असूनही तो न दाखवणं. ती त्या कुंभाराची. लोलकाची कोणती, ते मला सापडलेलं नाही.

हे सगळं मी वच्छलाबाईंना गच्चीवर बसून वाचून दाखवलं. त्या फालशाच्या रिकाम्या ड्रमातली माती खुरप्याने मोकळी करत ऐकत होत्या. मग वर न बघता म्हणाल्या, "मागल्या जन्मीचं सगळं आठवतं भाऊजी तुम्हाला. गेल्या उन्हाळ्यातलं ताक तेवढं आठवत नाही?"