चढ, पिशव्या आणि मामाचे पुढचे दात

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईनं मला बजावलं आहे. म्हणून मी सांगत नाही, नुसतं लिहिते आहे.

आमच्या गावात एक भोळा माणूस होता. म्हणजे अजूनही आहे, पण गोष्टीत 'होता' म्हणतात. त्याचं नाव लिंबाजी, आणि तो माझा सख्खा मामा. मामा आळशी नाही. सांगितलेलं काम तो लगेच करतो. सांगितलं तसंच करतो. तीच पंचाईत आहे.

मामाला शेवंता आवडायची. ती टेकडीवरच्या वरच्यावाडीची. आठवडे बाजारात ती स्वतः शिवलेल्या कापडी पिशव्या विकायला बसायची. मामा दर बाजारी तिच्याकडून एक पिशवी घ्यायचा आणि एक शब्दही न बोलता घरी यायचा. आमच्याकडे एकोणीस पिशव्या झाल्या आणि त्यांत भरायला काहीच नव्हतं, तेव्हा कुठे आईच्या ध्यानात आलं. ती शेवंताच्या वडिलांना, नागनाथअण्णांना जाऊन भेटली.

अण्णा म्हणाले, "पोरगा बरा दिसतो. पण करतो काय?"

करत काही नव्हता. पण नेमकी त्याच आठवड्यात धरणावरच्या साहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांनी आपली सायकल मामाला दिली. लहान चाकांची, मधोमध दुमडणारी.

"लिंबाजी, ही घडीची सायकल आहे," साहेब म्हणाले. "काम झालं की नीट घडी घालून ठेवत जा."

मामानं घरी आल्या आल्या सायकलची घडी घातली आणि आईच्या कपाटात ठेवली. खाली आईचा लग्नातला शालू, त्यावर सायकल, आणि सायकलवर चार डांबरगोळ्या.

आईनं कपाट उघडलं. शालूवर चेनच्या तेलाची काळी नक्षी उमटली होती.

"लिंबाजी! अरे, ही काय जागा झाली?"

"घडी घालून ठेवली, ताई. कसर लागू नये म्हणून गोळ्यापण टाकल्या."

"अरे देवा! असली वस्तू दाराबाहेर ठेवावी. खांबाला साखळीनं बांधावी, कुलूप घालावं आणि किल्ली घेऊन घरात यावं."

"चुकलंच माझं," मामा म्हणाला. "आता लक्षात ठेवतो."

आणि मामा खरंच लक्षात ठेवतो.

आमच्या गावात गोदाक्कांचा पापडाचा गट आहे. त्यांना माल पोचवायला माणूस हवा होता. सायकल आहे म्हटल्यावर त्यांनी मामाला कामावर घेतलं. पहिल्याच दिवशी त्याच्याकडे पिशवीभर उडदाचे पापड दिले आणि ते फाट्यावरच्या दुकानात पोचवायला सांगितलं. मामा तासाभरात परत आला.

"पोचवले?" गोदाक्कांनी विचारलं.

"पोचवले."

"कुणाला दिलेस?"

"खांबाला."

"कुणाला?"

"दुकानासमोरच्या खांबाला. साखळीनं बांधून, कुलूप घालून. ही घ्या किल्ली."

गोदाक्का धावत फाट्यावर गेल्या. साखळी होती. कुलूप होतं. पिशवीचे बंदही होते. बाकीची पिशवी आणि सगळे पापड खाऊन एक शेळी तिथेच सावलीत रवंथ करत बसली होती.

"अरे लिंबाजी," गोदाक्का कपाळाला हात लावून म्हणाल्या, "माल कधी असा टाकून यायचा असतो का? दारात जायचं, हाक मारायची आणि माणसाच्या हातात द्यायचा!"

"चुकलंच माझं. आता लक्षात ठेवतो."

पुढच्या खेपेला इनामदारांच्या लग्नघरी शेवया आणि कुरडया न्यायच्या होत्या. मामानं सगळा माल एकाच पिशवीत कोंबला आणि पिशवी हँडलच्या उजव्या बाजूला अडकवली. सायकल उजवीकडे कलली, तसा मामाही उजवीकडे कलला. विहिरीच्या वळणावर दोघं आडवे झाले. शेवयांना काही झालं नाही. हँडल वाकडं झालं आणि मामाचे पुढचे दोन दात हलायला लागले.

तिथेच मुनीरचाचांचं सायकलचं दुकान आहे. त्यांनी हँडल सरळ केलं.

"सगळं वजन एकाच बाजूला घेतो का कोणी? वेड्या, दोन पिशव्या लाव आणि दोन्ही बाजूंना सारखं वाटत जा. मग बघ सायकल कशी पळते!"

मामानं मान डोलावली. दोन पिशव्या लावल्या आणि निघाला. पहिल्या घरापाशी थांबला. दारात गेला, हाक मारली आणि मूठभर शेवया माणसाच्या हातात दिल्या. मग समोरच्या घरात गेला आणि तिथेही तेवढ्याच दिल्या. डावीकडे एक, उजवीकडे एक, असं करत तो गावाबाहेर पडला. लोकांना वाटलं, इनामदार लग्नाआधीच मोकळ्या हातानं वाटतायत. पुढे एका जागी उजवीकडे घर होतं आणि डावीकडे नुसती म्हैस. पण सारखं तर झालं पाहिजे. मामानं म्हशीसमोर कुरडया ठेवल्या.

मुनीरचाचांचं म्हणणं खरं ठरलं. सायकल दर घरागणिक हलकी होत गेली आणि इनामदारांच्या दारात अगदी वाऱ्यासारखी पोचली.

"शेवया कुठायत?" इनामदारीणबाईंनी विचारलं.

"वाटल्या," मामा म्हणाला. "दोन्ही बाजूंना. अगदी सारख्या."

म्हशीची गोष्ट मामा घरी यायच्या आधीच वरच्यावाडीला पोचली. दुसऱ्या दिवशी अण्णांचा आईला निरोप आला: 'ज्या माणसाला एक पिशवी धड पोचवता येत नाही, त्याला मुलगी कशी देऊ? सोमवारी दुपारी नारळ आणि साखर घेऊन त्यानं त्याच सायकलवरून आमच्या दारात यावं. पिशवी आली तर सोयरीक. नाही आली तर शेवंतासाठी दुसरं स्थळ तयार आहे.'

आईच्या तोंडचं पाणी पळालं. मामानं मात्र लगेच तयारीला सुरुवात केली. वरच्यावाडीचा चढ म्हणजे बैलसुद्धा मध्ये तीनदा थांबतो. रविवारी मामानं चढून पाहिलं. पहिल्या वळणापर्यंत गेला आणि धापा टाकत परत आला. तसाच मुनीरचाचांकडे गेला. मी पाटी-टोपलं घेऊन शेण आणायला चालले होते, म्हणून मी हे ऐकलं.

चाचा हातातल्या पान्यानं सायकलच्या चक्रांकडे दाखवत होते. मामा वरच्यावाडीकडे बघत होता.

"सोपं आहे," चाचा म्हणाले. "पुढचे दात कमी करायचे आणि मागचे वाढवायचे. मग कसलाही चढ असू दे, लोणी! पण ते काम माझ्याकडे होत नाही. तालुक्याला जा. तिथे करून देतात."

मी चाचांना हाक मारणार होते. पण मोठ्यांच्या मध्ये बोलायची मला लाज वाटते. तेव्हा बोलले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी मामा नारळ-साखरेच्या पिशव्या लावून सायकलनंच तालुक्याला गेला. बसस्थानकासमोर एका पाटीवर भला मोठा दात काढलेला होता. मामा आत शिरला. आत डॉक्टरीणबाई होत्या. पुढचं सगळं त्यांनीच नंतर सांगितलं.

"काय त्रास होतोय?"

"चढ चढवत नाही."

"मग छातीच्या डॉक्टरांना दाखवा. मी दातांची डॉक्टर आहे."

"म्हणूनच आलोय. माझे पुढचे दात जास्त झालेत. ते कमी करा आणि मागचे वाढवा."

डॉक्टरीणबाईंनी 'आ' करायला सांगितलं. सायकलवरून पडल्यापासून पुढचे दोन दात हलतच होते, मुळाशी पूही झाला होता.

"हे दोन काढावेच लागतील," त्या म्हणाल्या.

"आणि मागचे?"

"मागे तुमची अक्कलदाढ येतेय."

"आपोआप?"

"आपोआप."

मामाला इतका आनंद झाला की, दात काढताना तो हसत होता. बाईंनी जखमेवर कापूस ठेवला आणि बजावलं, "आता तोंड घट्ट मिटा. मी सांगेपर्यंत अजिबात उघडायचं नाही." मग त्या शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटला बघायला गेल्या. परत येऊन पाहतात तर खुर्ची रिकामी!

इकडे आम्ही जीपनं आधीच वरच्यावाडीला पोचलो होतो. अण्णांच्या अंगणात भावकी जमली होती. आई सारखी रस्त्याकडे बघत होती. दोन वाजले, अडीच वाजले. अण्णांनी दुसऱ्या स्थळाचा फोटो खिशातून काढला, पुसला आणि परत खिशात ठेवला.

तेवढ्यात शेवंता उठून उभी राहिली. "आले," ती म्हणाली.

मामा चढत होता. सायकल तीच होती, चक्रं तीच होती, त्यांचा एकही दात कमी-जास्त झाला नव्हता. पण मामाला ते माहीत नव्हतं, म्हणून तो चढला. डाव्या पिशवीत नारळ, उजवीत साखर. अंगणात येऊन त्यानं दोन्ही पिशव्या अण्णांच्या हातात दिल्या.

अण्णांनी आत पाहिलं. नारळ शाबूत, साखर शाबूत. त्यांचा चेहरा सैल झाला.

"शाब्बास! बसा. मग, आमची मुलगी पसंत आहे ना?"

मामा गप्प.

"पसंत आहे का?"

मामा गप्प. शेवंतानं चहा आणला. मामानं कप तोंडालाही लावला नाही.

"लिंबाजी, बोल की रे!" आई रडकुंडीला आली. मामानं तिच्याकडे पाहिलं आणि ओठ आणखी घट्ट मिटले.

"हा काय माज आहे?" अण्णा उभे राहिले. "आमच्या अंगणात बसून आमच्याच मुलीला नापसंत करता? उठा!"

"थांबा, बाबा," शेवंता म्हणाली. ती मामाच्या समोर आली. "मी पसंत नसेन, तर तोंडानं 'नाही' म्हणा."

मामा गप्प.

"ऐकलंत? नाही म्हणत नाहीत," शेवंता म्हणाली. "म्हणजे हो."

भावकी हसली. अण्णांचाही नाइलाज झाला. शेवंताच्या आईनं मामाचं तोंड गोड करायला चिमूटभर साखर पुढे केली. मामानं हातानं नको म्हटलं आणि खिशाकडे बोट दाखवलं. खिशात दवाखान्याचा कागद होता, त्यावर नंबर होता. शेवंतानं फोन लावून मामाच्या कानाजवळ धरला.

"अहो, तुम्ही गेलात कुठे?" डॉक्टरीणबाईंचा आवाज अंगणभर ऐकू आला. "उघडा आता तोंड!"

मामानं तोंड उघडलं. पुढे मोठी खिडकी होती.

"मुलगी पशंत आहे," तो म्हणाला.

"अहो, पण दात कुठे गेले?" अण्णांनी विचारलं.

"चढाशाठी काढले."

पान्याची, दातांची आणि अक्कलदाढेची सगळी हकीकत मामानं सांगितली. अण्णांनी डोकं धरलं.

"शेवंते, अजून विचार कर. हा माणूस सांगितलेलं सगळं करतो!"

"बाबा," शेवंता म्हणाली, "सांगितलेलं करणारा पुरुष आपल्या भावकीत एक तरी दाखवा. सांगणारी नीट असली की झालं."

पुढच्या महिन्यातली तारीख ठरली. निघताना मामा सायकलवर बसला. शेवंता त्याला सोडायला फाटकापर्यंत आली. सगळे बघत होते म्हणून ती हळूच म्हणाली, "जपून जा. आणि मला विसरू नका."

मामानं मान डोलावली. थोडं अंतर गेला, थबकला आणि कपाळावर हात मारून सायकल वळवून परत आला.

"चुकलंच माझं," तो शेवंताला म्हणाला. "विशरून चाललो होतो. बशा."

"कुठे?"

"कॅरिअरवर."

शेवंतानं एकदा मामाकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे पाहिलं. तिला इतकं हसू आलं की, उभं राहवेना, म्हणून ती बसली. आणि ती बसली म्हणून मामा निघाला. लग्नाआधी महिनाभर, हळद नाही, अक्षता नाही, मामा नवरी घेऊन उतारावरून घरी निघाला! पुढे सायकल, सायकलमागे "अहो जावई, तिला खाली ठेवा!" असं ओरडत अण्णा, अण्णांमागे ताट घेतलेली शेवंताची आई, तिच्यामागे अख्खी भावकी, आणि सगळ्यांत मागे चप्पल हातात घेऊन मी. शेवंता मागे वळून ओरडली, "बाबा, यांना ब्रेक दाबायला सांगा, माझ्या हसण्यात त्यांना ऐकू येत नाहीये!" अण्णांनी ते ऐकलं आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून ते मामाला म्हणाले, की जावईबापू, काही झालं तरी आता

"वैजू! कुणाला काय लिहितेयस गं तिथे? वही घेऊन इकडे ये आधी!"