दहा नंबरचा पाना आणि चार दिवे

गाड्यांचे दिवे अजून बोलायचे, तेव्हाची ही गोष्ट. एका चालत्या गाडीतले इशाऱ्याचे चार दिवे एकदम पेटले आणि ओरडू लागले. गाडी बंद पडली. इंजिनचा म्हणे मी मेलो, ब्रेकचा म्हणे आधी मी.

हत्यारांच्या पेटीतून हातोडा तावातावाने उठला. दहा नंबरचा पाना म्हणाला, "थांब रे. घरातली सगळी माणसं एकाच दिवशी आजारी पडली, तर मी आधी पाण्याचा माठ बघतो."

तो थेट सगळ्या गाडीला वीज पुरवणाऱ्या बॅटरीकडे गेला. तिथला सैल नट त्याने आवळला. गाडी पुन्हा सुरू होताच एकेक दिवा ओशाळून विझला.

ऑइलचा तेवढा विझेना. पाना म्हणाला, "तू अजून इथेच?"

"तेल खरंच संपत आलंय," दिवा म्हणाला. "मघापासून तेच सांगतोय. या तिघांच्या आरडाओरड्यात कुणाला ऐकूच गेलं नाही."