बिब्ब्याची खूण

राजे मानाजी भर दरबारात उभे राहिले आणि अंगरख्याच्या बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबल्या. समोर सरदार येसाजी, ताडमाड गडी, राजांच्या इवल्याशा अंगरख्यात कोंबलेला. तो मुजऱ्याला वाकला मात्र, सगळे बंद तटातट तुटले! परटाकडे कपड्यांची अदलाबदल झाली होती.

भिवा परीट धावत आला, सोबत त्याची लेक सगुणा. राजांनी फर्मावलं, आठ दिवसांत गावातल्या प्रत्येकाच्या कपड्यांवर बिब्ब्याची खूण हवी. खुणेत मालकाचं नाव, हुद्दा, सगळं हवं. दोघांची खूण सारखी नको आणि एकदा घातलेली पुन्हा बदलायची नाही. शिवाय नदीच्या वरच्या घाटावर बाप आणि खालच्या घाटावर लेक, दोघांनी एकमेकांना न विचारता नव्या खुणा घालायच्या. नाही जमलं तर दोन्ही घाट जप्त! भिवाच्या तोंडचं पाणी पळालं. घाट गेले तर खायचं काय?

आठव्या दिवशी सगुणा एकटीच गाठोडं घेऊन आली. तिने राजांचा रुमाल पसरला. तो काठोकाठ बिब्ब्याने भरला होता, तरी राजांची बिरुदावली अर्धीच झाली होती.

"उरलेली कुठे आहे?" राजांनी विचारलं.

"पुढच्या सहा रुमालांवर, महाराज. नाक तेवढं बाहीला पुसा."

मग तिने येसाजीचं उपरणं काढलं. परवा त्यावर 'सरदार' घातलं आणि काल राजांनी त्याला सेनापती केलं. बिब्बा तर धुऊन निघत नाही. आता सेनापतिपद परत घ्या, नाहीतर मी उपरणं कापते, असं ती म्हणाली. येसाजीने उपरणं घट्ट धरलं.

राजांना हसू आवरेना. "मग करायचं काय?"

"नुसता आकडा घालायचा, कुणाचा कुठला ते वहीत लिहायचं. त्याला ना हुद्दा, ना कूळ, मग बदलेल कशाला? वरच्या घाटावर बा एक, तीन, पाच घालतो. खालच्या घाटावर मी दोन, चार, सहा. विचारायचं कारण नाही, आकडा दोनदा यायचा नाही आणि कधी संपायचाही नाही."

"वा! म्हणजे एक हा आकडा आमचा."

"तो भाजीवाल्या कोंडाबाईला गेला, महाराज. ती पहिली आली. तुमचा बेचाळीस."

राजांच्या भुवया चढल्या. "आम्ही राजे, आणि बेचाळीस?"

"एक म्हणजे राजा असं म्हणत असाल तर उठा, महाराज," सगुणा म्हणाली. "कोंडाबाईला गादीवर बसवावं लागेल. तिच्या लुगड्यावरचा एक काही आता निघत नाही."

राजे इतके हसले की बाहीने डोळे पुसावे लागले. दोन्ही घाट त्यांनी भिवाला कायमचे देऊन टाकले आणि खांद्यावरचा जरीचा शेला काढून सगुणाच्या हातावर ठेवला. तिने आधी त्याचं टोक उलटून पाहिलं.

"बेचाळीस आहे, महाराज. दर धुण्याला तुमच्याकडेच परत येईल."

राजे पुन्हा खो खो हसत सुटले आणि त्यांनी कोरं, बिनखुणेचं जरीचं लुगडं मागवलं.