फक्कीने आखलेली खोली

"नारळ कधी फोडू, अण्णा? दसऱ्याला, की त्याच्या आधीच?… अहो अहो, तिकडनं नको! ती भिंत आहे!"

सिद्धाप्पा अण्णांचा उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला.

परसात भिंत कसली, वीटसुद्धा नव्हती. सकाळी गवंडी दोरी धरून फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढून गेला होता, तेवढंच. पण विश्वनाथ खराड्यांना त्या रेघांवर छपरासकट खोली दिसायला लागली होती. सकाळपासून त्यांनी घरात कुणाला रेघ ओलांडू दिली नव्हती. त्यांची बायको धुणं वाळत घालायलासुद्धा वळसा घालून 'दारातनं' जात होती आणि मनातल्या मनात कपाळाला हात लावत होती.

अण्णा टेकडीवरच्या मठातले. विश्वनाथरावांचे गुरू. आशीर्वादाला म्हणून त्यांना स्कूटरवर बसवून आणलेलं. त्यांनी निमूटपणे वळसा घातला, नसलेल्या उंबऱ्याबाहेर वहाणा काढल्या आणि आत आले.

विश्वनाथरावांना आकाश ठेंगणं झालं.

"हा पलंग. डोकं दक्षिणेला. इथं कपाट, इथं कॉम्प्युटरचं टेबल, हे न्हाणीघर. आणि रंग आकाशी! मी ठरवूनच टाकलाय."

"कुणाची खोली?"

"उमेशची! दुसऱ्या कुणाची?"

उमेश त्यांचा एकुलता एक. घर सोडून गेलेला. सणावारी आईला फोन करायचा. बापाशी बोलायचा नाही. विश्वनाथरावांना रात्रीचं जेवण गोड लागत नव्हतं, पण ते कबूल करतील तर खराडे कसले! त्यांनी सरळ विटांची ऑर्डर दिली.

"खोली बघून येतो की नाही बघा, अण्णा. येणारच! त्याच्याशिवाय हे घर म्हणजे…"



"गेला कशावरनं?"

"पाटीवरनं. दुकानाची पाटी हो. 'खराडे आणि चिरंजीव'. काय झोकात रंगवून घेतली होती! सकाळी त्याला दुकानासमोर उभा केला आणि म्हटलं, बघ. संध्याकाळी पोरगं पुण्याच्या गाडीत."

"त्याला ठाऊक नव्हतं?"

"छे! सांगितलं असतं तर मजा काय राहिली असती?"

"आणि ही खोली?"

"ही पण नाही सांगितली. एकदम दाखवायची आणि म्हणायचं, बघ…"



अण्णा दारातनं बाहेर गेले. वहाणा घातल्या. मग मागं वळून, दार असायचं त्या जागी, हवेत बोटांनी ठोठावलं.

विश्वनाथरावांना हसू आलं. "या की, अण्णा! दार उघडंच आहे."

"खोली कुणाची?"

"उमेशची. सांगितलं की आत्ताच."

"मग 'या' म्हणणारा तू कोण?"



विश्वनाथराव खोलीच्या मधोमध उभे होते. पलंगावर म्हणा ना. त्यांनी खाली बघितलं, मग चोरासारखे दारातनं बाहेर आले आणि अण्णांच्या शेजारी उभे राहिले. समोर खोली रिकामी.

अण्णांनी पुन्हा हवेत ठोठावलं. आणि वाट बघत राहिले.

विश्वनाथरावांनी खिशातनं फोन काढला. उमेशचा नंबर लावला. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही छातीत एवढी धडधड झाली नव्हती.

"आबा?… काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे, बरी आहे! तुला… तुला जरा एक विचारायचं होतं."



"काय म्हणालात?"

"विचारायचं होतं."

"…परत म्हणा."

"विचारायचं होतं रे, उमेश!" ते जवळजवळ ओरडलेच. "परसात एक खोली काढावी म्हणतो. काढू का? तुला हवी का? नको असली तर नको म्हण!"

फोन कट झाला की काय म्हणून त्यांनी तो कानापासून काढून बघितला. पुन्हा कानाला लावला.

"आबा, परसात वारा कुठनं येतो?"

"आं?"

"मला वाऱ्याची खिडकी लागते."

जन्म त्या घरात गेला, पण वारा कुठनं येतो ते विश्वनाथरावांना ठाऊक नव्हतं. त्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा टेकडीकडे बघत होते.

"थांब! ठेवू नकोस! बघून सांगतो!"

आणि भला मोठा व्यापारी माणूस खांद्यावरचा पंचा हातात उंच धरून परसभर पळत सुटला. भिंतीतनं गेला, न्हाणीघरातनं गेला, कॉम्प्युटरच्या टेबलावरनं गेला. फक्की उडाली. रेघा सगळ्या पुसल्या. बायको घराच्या दाराशी आली, तोंडाला पदर लावला. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

"पश्चिमेकडनं! उमेश, पश्चिमेकडनं येतो! काय?… तू स्वतः बघायला येतोस? रविवारी?"

फोन ठेवला तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत पांढरं झालेलं. धापा टाकत ते अण्णांसमोर आले. पिशवीतला नारळ काढून दोन्ही हातांनी पुढं धरला. अख्खा, शेंडीसकट.

"आता तरी सांगा, अण्णा. हा फोडू कधी?"

अण्णांनी नारळ हातात घेतला, कानाशी हलवून बघितला आणि परत त्यांच्या ओंजळीत ठेवला.

"मघाशी तू विचारलंस, तेव्हाच फुटला."