शरण आलेलं पाणी

फार पूर्वीचा इराणचा राजा मिथ्रवाज राजधानीतल्या नदीखेरीज कुठलंही पाणी तोंडाला लावत नसे. मोहिमेवरसुद्धा ते नदीचं पाणी उकळून, चांदीच्या घड्यांत भरून, गाड्यांतून त्याच्या मागोमाग जाई. त्या गाड्या होर्दाद नावाच्या म्हाताऱ्या पाणक्याच्या ताब्यात असत.

राजाला ग्रीकांचा मुलूख हवा होता, पण मनात धाकधूक होती. म्हणून त्याने रिवाजाप्रमाणे त्यांच्या एका शहराकडे शरणागतीची खूण मागितली, मूठभर माती आणि घडाभर पाणी. शहराने दोन्ही मुकाट्याने पाठवलं.

"घाबरले!" राजा भर दरबारात गरजला. "आता समुद्र ओलांडायचा! होर्दाद, गाड्या जुंप!"

होर्दादने ग्रीकांच्या घड्यातून पेला भरला आणि अदबीने पुढे धरला. "निघण्याआधी विजयाचा एक घोट घ्यावा, महाराज."

राजा दोन पावलं मागे सरला. "वेड लागलं का तुला? परकं पाणी! बाधलं म्हणजे?"

"महाराज, हे तर शरण आलेलं पाणी," होर्दाद म्हणाला. "शरण न आलेल्या बाकीच्या शहरांतली माणसं अजून तिकडे भाले घेऊन उभी आहेत."

राजाने पेला हाताने दूर सारला.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली, की पाण्याच्या गाड्या नादुरुस्त असल्यामुळे मोहीम लांबणीवर पडली आहे. दुरुस्तीसाठी राजाने होर्दादला दहा वर्षांची मुदत दिली.